फोटो आपल्याला नेमका कुठे पकडतो? बातम्या-जाहिरातींतली छायाचित्रं वाचायची पद्धत

बातमी उघडली की आपण आधी मथळा वाचतो, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा नजर आधीच फोटोवरून फिरून आलेली असते आणि मथळ्याच्या पहिल्या शब्दापर्यंत पोचेतो मनात काहीतरी हललेलंही असतं. कीव, संताप, धास्ती, हेवा, नाहीतर नुसतीच भूक. पुढचा सगळा मजकूर आपण त्याच मनःस्थितीत वाचतो. जाहिरातवाल्यांना हे फार पूर्वीपासून ठाऊक आहे. वर्तमानपत्रांच्या फोटो डेस्कलाही ठाऊक असतं, तिथे त्याची जाहीर चर्चा होत नाही इतकंच.

हा लेख नवख्यांसाठी आहे. पत्रकारितेत किंवा जाहिरातीच्या कामात नुकतेच आला असाल, एखाद्या संस्थेची समाजमाध्यमं सांभाळत असाल किंवा निव्वळ चौकस वाचक असाल, तरी चालेल. कॅमेरा हाताळता यायलाच हवा असं नाही. मला एवढंच दाखवायचं आहे की फोटोचा परिणाम समोरच्या दृश्यावर जेवढा अवलंबून असतो, तेवढाच त्याभोवती घेतलेल्या निर्णयांवर असतो. कॅमेरा कुठे ठेवला, कोणती फ्रेम निवडली, कुठे कापली, खाली काय लिहिलं, शेजारी काय छापलं. हे निर्णय बहुतेकदा फोटोतच उघड दिसतात. ते कोणत्या क्रमाने शोधायचे, ते पुढे देतो आहे. क्रम शक्यतो मोडू नका.

पायरी १ : आधी नुसतं बघा आणि काय वाटलं ते लिहा

फोटोओळ हाताने झाका. फोनवर बघत असाल तर फोटो तेवढा मोठा करा, म्हणजे आजूबाजूचा मजकूर दिसेनासा होईल. चार-पाच सेकंद पाहा, नजर काढून घ्या आणि काय वाटलं ते एका शब्दात लिहा. ‘छान’ आणि ‘वाईट’ हे शब्द बाद. ‘किळस’, ‘लाज’, ‘हुरहूर’, ‘अभिमान’, ‘आपल्याकडेही हे हवं’ असं काहीतरी नेमकं हवं. मग फोटोकडे न बघता त्यातल्या आठवतील त्या तीन गोष्टी लिहा.

लिहायचं अशासाठी की मथळा वाचला की पहिली प्रतिक्रिया पुसली जाते आणि ‘मला आधीपासून असंच वाटत होतं’ अशी आपली खात्री होऊन बसते. पहिली प्रतिक्रिया येते मात्र विलक्षण झपाट्याने. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिलं की एकामागोमाग एक चित्रं प्रत्येकी अवघे १३ मिलिसेकंद दाखवली, तरी लोकांना त्यांतलं सांगितलेलं दृश्य ओळखता येतं. जाता जाता एक सूचना: ‘मेंदूला मजकुरापेक्षा चित्र ६०,००० पट वेगाने कळतं’ हे वाक्य मार्केटिंगच्या सादरीकरणांत हमखास भेटतं. त्यामागे कोणताही अभ्यास सापडत नाही. तुमच्या स्लाइडमध्ये ते टाकू नका.

पायरी २ : नजरेचा रस्ता शोधा

आता फोटोवर बोट ठेवून नजर कुठून शिरली, कुठे थांबली आणि कुठून बाहेर पडली ते गिरवा. बहुतेकदा सुरुवात चेहऱ्यापासून होते. प्रयोगांमध्ये एखादा चेहरा बाजूला दाखवला, तर डोळे सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागात तिकडे वळायला लागतात असं दिसलं आहे. चेहरा नसेल तर सगळ्यात उजळ जागा, गर्द पार्श्वभूमीवरचा एखादा भडक रंग, बाकीच्यांपासून सुटी पडलेली वस्तू किंवा फोटोतच आलेली अक्षरं. फलकावरची अक्षरं तर आपण वाचायची नाहीत म्हटलं तरी वाचतो.

अर्थात रस्ता पूर्णपणे फोटोच्या हातात नसतो. आल्फ्रेड यार्बस या सोव्हिएत शास्त्रज्ञाने एकच चित्र त्याच माणसाला वेगवेगळे प्रश्न विचारून दाखवलं. यांची वयं काय असतील, यांची आर्थिक स्थिती कशी असेल, असे प्रश्न. दर प्रश्नाला नजरेच्या रेषा निराळ्याच उमटल्या. म्हणून फोटोवरचा मथळा हा मुळात आपल्याला विचारलेला एक प्रश्न आहे असं समजा. तो बदलला की डोळे वेगळ्या जागा शोधतात.

फोटोतला माणूस कुठे बघतोय हेही पाहा. तो थेट आपल्याकडे बघत असेल तर आपण साक्षीदार उरत नाही, त्या प्रसंगात ओढले जातो. ‘नॅशनल जिऑग्राफिक’च्या जून १९८५ च्या मुखपृष्ठावरची हिरव्या डोळ्यांची अफगाण निर्वासित मुलगी इतक्या लोकांच्या लक्षात राहिली, त्यात त्या रोखलेल्या नजरेचा वाटा मोठा आहे. जाहिरातीत मॉडेलची नजर बऱ्याचदा वस्तूकडे किंवा मजकुराकडे वळवलेली असते. ती जिकडे बघते तिकडे आपणही बघतो, आणि तिथे नेमकं उत्पादनाचं नाव असतं.

जाहिरातीत लक्ष वेधण्याचे दोन जुने नमुने या पायरीवर अभ्यासण्यासारखे आहेत. १९५१ मध्ये जाहिरातकार डेव्हिड ओगिल्वीने हॅथवे शर्टच्या जाहिरातीत रुबाबदार मॉडेलच्या एका डोळ्यावर काळी पट्टी चढवली. शर्टाशी तिचा काडीचा संबंध नाही, पण ‘याच्या डोळ्याला काय झालं असेल?’ हा प्रश्न पडला की माणूस पान उलटत नाही. दुसरा नमुना फोक्सवॅगनचा. डॉयल डेन बर्नबाख या एजन्सीने १९५९ मध्ये जवळपास रिकाम्या पानाच्या कोपऱ्यात इवलीशी मोटार ठेवली. बाकीच्या कंपन्या पानभर चकचकीत गाड्या दाखवत असताना त्या रिकाम्या जागेनेच नजर खेचली. घड्याळांच्या जाहिरातीतही एकदा काटे बघा. बहुतेक वेळा दहा वाजून दहा मिनिटं झालेली असतात, कारण काट्यांचा आकार हसऱ्या ओठांसारखा दिसतो आणि मधलं कंपनीचं नावही मोकळं राहतं.

पायरी ३ : कॅमेरा कुठे उभा होता?

ही पायरी लवकर आटपते. कॅमेरा खालून वर बघत असेल तर माणूस मोठा, अधिकारवाणीचा वाटतो. वरून खाली बघत असेल तर तोच माणूस दुबळा दिसतो. मुलांचे फोटो त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढले की ती ‘व्यक्ती’ वाटतात, मोठ्यांच्या उंचीवरून काढले की ‘बिचारी’. मदतनिधीच्या जाहिराती चाळून बघा, फरक लगेच जाणवेल.

गर्दीच्या फोटोंकडे मात्र थोडा जास्त वेळ द्या. लांब पल्ल्याची लेन्स पुढचं आणि मागचं एकमेकांवर आणून ठेवते, त्यामुळे सुटी सुटी उभी असलेली माणसं खेटून उभी असल्यासारखी दिसतात. २०२० च्या एप्रिलमध्ये, महासाथीच्या काळात, डेन्मार्कच्या दोन छायाचित्रकारांनी त्याच जागा आणि तीच माणसं लांब लेन्सने आणि रुंद लेन्सने टिपून दाखवली. एका फोटोत लोक नियम धाब्यावर बसवतायत असं वाटतं, दुसऱ्यात ती अंतर ठेवून उभी आहेत. दोन्ही फोटो खरेच. ओळखायचं कसं? सगळ्यात पुढच्या आणि सगळ्यात मागच्या माणसाच्या डोक्याचा आकार जवळपास सारखाच दिसत असेल, तर फोटो दुरून, लांब लेन्सने काढलेला आहे. त्या फोटोवरून गर्दीचा अंदाज बांधू नका.

पायरी ४ : चौकटीच्या चारही कडा तपासा

इथे घाई नको. फोटोच्या मध्याकडे सगळेच बघतात. तुम्ही कडांवरून नजर फिरवा. कुठे अर्धा हात, अर्धा चेहरा, कापलेली सावली दिसते का? ती दिसली की पलीकडे काय होतं हा प्रश्न विचारा.

अमेरिकन छायाचित्रकार डोरोथिया लँगने मार्च १९३६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या निपोमो इथे वाटाणा तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर एका स्थलांतरित आईचा काढलेला फोटो घ्या. इंटरनेटवर शोधा आणि समोर ठेवूनच पुढचं वाचा. आईचा एक हात हनुवटीपाशी, कपाळावर आठ्या, नजर आपल्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी. दोन्ही बाजूंना दोन मुलं तिला बिलगलेली, पण त्यांचे चेहरे पाठमोरे. मांडीवर तान्हं बाळ. म्हणजे चार माणसांच्या चौकटीत वाचता येण्याजोगा चेहरा एकच आहे, तिचा. तिथून नजर हलायला जागाच ठेवलेली नाही.

लँगने त्या दिवशी एकच क्लिक केलं नव्हतं. या मालिकेतल्या आधीच्या फ्रेम्समध्ये अख्खा फाटका तंबू दिसतो, सामान दिसतं, एक वयात आलेली मुलगीही दिसते. लँग दर फ्रेमला जवळ सरकत गेली. तंबू गेला, मोठी मुलगी गेली, सामान गेलं. ‘एका मजूर कुटुंबाचा मुक्काम’ हा विषय गळून पडला आणि ‘आईची काळजी’ एवढाच उरला. शेवटच्या फ्रेमच्या उजव्या कोपऱ्यात खाली तंबूचा खांब धरलेल्या हाताचा अंगठा आला होता. तो लँगला खटकला आणि काही वर्षांनी निगेटिव्हवरूनच पुसण्यात आला. चांगल्या प्रतीत तिथे आजही एक पुसट डाग दिसतो.

या मालिकेतले फोटो ‘सॅन फ्रान्सिस्को न्यूज’मध्ये छापून आल्यावर सरकारने त्या तळावर २०,००० पौंड, म्हणजे सुमारे ९ टन अन्न पाठवलं. तोवर ते कुटुंब तिथून पुढे निघून गेलं होतं. कुटुंबाने पोटासाठी गाडीचे टायर विकले, असं लँगच्या नोंदीत होतं. तसं काही घडलं नव्हतं, असं त्या बाईच्या मुलाने पुढे सांगितलं. ती बाई मूळ अमेरिकन चेरोकी वंशाची होती, हेही फोटो बघणाऱ्या पिढ्यांना कित्येक दशकं माहीत नव्हतं. फोटो खोटा नाही. पण त्यातून ‘कळतं’ असं आपल्याला वाटतं, त्यातलं बरंच आपण स्वतःच भरलेलं असतं.

कापाकापी नेहमी इतकी विचारपूर्वक होतेच असंही नाही. जानेवारी २०२० मध्ये दावोसला पाच तरुण पर्यावरण कार्यकर्त्यांचा फोटो असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दिला, त्यात डावीकडची व्हनेसा नकाते कापली गेली. पाचांपैकी कृष्णवर्णीय ती एकटीच होती. मागची इमारत लक्ष विचलित करत होती म्हणून क्रॉप केलं, असं स्पष्टीकरण आलं. टीका झाल्यावर संस्थेने खेद व्यक्त केला. रचनेच्या दृष्टीने ‘स्वच्छ’ फ्रेम बातमीच्या दृष्टीने चुकीची असू शकते, हे क्रॉपचं टूल हातात धरण्याआधी ध्यानात ठेवा. कोण उरलं हे सगळे बघतात, तुम्ही कोण गेलं ते बघा.

पायरी ५ : प्रकाश आणि रंग

२७ जून १९९४ च्या अंकासाठी ‘टाइम’ने खुनाचा आरोप असलेला कृष्णवर्णीय अमेरिकन फुटबॉलपटू ओ. जे. सिम्पसन याचा पोलिसांनी काढलेला फोटो मुखपृष्ठावर घेताना गडद केला. त्याच आठवड्यात ‘न्यूजवीक’ने तोच फोटो जसाच्या तसा छापला. स्टॉलवर दोन्ही अंक शेजारी शेजारी लागले आणि लोकांना फरक दिसला. त्वचा काळवंडली होती, कडा अंधारल्या होत्या, आणि अजून खटलाही न चाललेला माणूस धोकादायक वाटू लागला होता. केवढी टीका झाली! यात एकही वस्तू घातली किंवा काढली नव्हती. फक्त उजेड कमी केला होता.

रंगाचा प्रश्न मला यापेक्षा अवघड वाटतो. डिसेंबर १९८४ मधल्या भोपाळच्या वायुदुर्घटनेनंतर एका अनोळखी बाळाला पुरत असतानाचं दृश्य रघू राय आणि पाब्लो बार्थोलोम्यू या दोघांनीही टिपलं. राय यांचा फोटो कृष्णधवल, बार्थोलोम्यूंचा रंगीत, आणि रंगीत फोटोला त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो ऑफ द इयर’ सन्मान मिळाला. दोन्ही शेजारी ठेवून पाहा, पण आधी स्वतःची तयारी करा, कारण दृश्य सोसवणारं नाही. रंगीत फोटोत माती मातीच्या रंगाची आहे आणि कातडी कातडीच्या, त्यामुळे हे आत्ता, इथे घडतंय असं वाटत राहतं. कृष्णधवल फोटोत माती आणि चेहरा एकाच राखाडी छटांमध्ये येतात, आणि एका बाळाचा मृत्यू त्या सगळ्या रात्रीचं प्रतीक होऊन बसतो. यातला कोणता फोटो ‘जास्त खरा’, हा प्रश्न मी सोडून देतो. कृष्णधवल म्हणजे आपोआप गंभीर आणि प्रामाणिक, हा समज मात्र तुम्हीही सोडून द्या. जाहिरातवाले त्याचा पुरेपूर फायदा उठवतात.

पायरी ६ : आता झाकलेले शब्द उघडा

फोटोओळ वाचा, मथळा वाचा, शेजारच्या बातम्या आणि जाहिराती बघा. पहिल्या पायरीवर लिहिलेला शब्द अजून तसाच आहे का? बदलला असेल तर तो नेमका कोणत्या शब्दाने बदलला त्याखाली रेघ मारा.

छायाचित्रकार यूसुफ कार्शने ३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडातल्या ओटावात ब्रिटनचा पंतप्रधान विन्स्टन चर्चिलचा फोटो काढला. कपाळावर आठ्या, मूठ कंबरेवर, जबडा घट्ट. नाझींपुढे न झुकणाऱ्या ब्रिटनचा चेहरा म्हणून तो जगभर गेला. ती चर्या आली कशी, तर क्लिक करण्याआधी कार्शने पुढे होऊन चर्चिलच्या तोंडातला सिगार काढून घेतला होता! लगेच पुढच्या फ्रेममध्ये चर्चिल हसतोय. भाव खरा होता, त्याचं कारण जगाने आपल्या सोयीने लावलं. सोव्हिएत दिग्दर्शक लेव कुलेशोवचा प्रयोगही याच जातीचा म्हणून सांगितला जातो: नटाच्या त्याच निर्विकार चेहऱ्याला कधी सूपची वाटी, कधी शवपेटी जोडून दाखवली, आणि प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यात भूक आणि शोक दिसला.

बातमी आणि जाहिरात यांच्यातली सीमा समजून घ्यायची तर एकच फोटो पुरेसा आहे. ओहायोतल्या एका शुश्रूषागृहात डेव्हिड कर्बी हा तरुण एड्सने अखेरच्या घटका मोजत होता. वडिलांनी त्याचं डोकं कवटाळलंय, शेजारी घरची माणसं एकमेकांना धरून बसली आहेत. थेरेस फ्रेअरने टिपलेला हा कृष्णधवल फोटो ‘लाइफ’ मासिकात नोव्हेंबर १९९० मध्ये छापून आला. मासिकात त्याच्याबरोबर मजकूर होता, नाव होतं, आजार होता. वाचक हेलावले.

१९९२ मध्ये हाच फोटो बेनेटन या कपड्यांच्या कंपनीने छायाचित्रकार ओलिव्हिएरो टोस्कानीच्या मोहिमेत जाहिरात म्हणून वापरला. दोन बदल झाले. फोटो रंगवला गेला, आणि मजकुराच्या जागी कोपऱ्यात कंपनीची छोटी हिरवी पट्टी आली. ना नाव, ना आजार, ना ‘कपडे घ्या’ असं आवाहन. काही मासिकांनी जाहिरात छापायला नकार दिला. एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या संघटना भडकल्या, मरणाच्या दारातल्या माणसाचा स्वेटर विकायला वापर होतोय म्हणून. आणि इथे गोष्ट सरळ राहत नाही, कारण कर्बी कुटुंबाने स्वतः परवानगी दिली होती. कंपनी आम्हाला वापरत नाही, आम्हीच कंपनीला वापरतोय, अशी वडिलांची भूमिका होती. या आजाराचा चेहरा जेवढ्या लोकांपुढे जाईल तेवढा त्यांना हवा होता.

नवख्यांनी या फोटोवर एक व्यायाम करावा. दृश्य तेच आहे, मग संताप कशाचा आला? माझ्या मते त्या हिरव्या पट्टीचा. बातमीत आपल्याला हलवल्यावर पुढे माहिती मिळते. इथे आपल्याला हलवलं आणि त्या भावनेच्या टोकाला एक ब्रँड बांधून ठेवला. कोणताही भावनिक फोटो बघताना ‘मला हलवून झाल्यावर हा फोटो मला कुठे नेऊन सोडतो?’ हे विचारा. माहितीकडे, देणगीच्या खात्याकडे, दुकानाकडे की नुसत्या संतापाकडे?

पायरी ७ : माणसं मोजा

एकच माणूस असलेला फोटो आणि शेकडो माणसं असलेला फोटो मनावर वेगवेगळं काम करतात. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, आफ्रिकेतल्या उपासमारीची आकडेवारी वाचलेल्या लोकांनी सरासरी १.१४ डॉलर दिले. मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीचा फोटो आणि हकिगत पाहिलेल्यांनी २.३८ डॉलर दिले. गंमत म्हणजे मुलगी आणि आकडेवारी दोन्ही एकत्र दाखवलेल्यांचा आकडा १.४३ वर घसरला. आकड्यांनी माणूस हिशोबी होतो.

२ सप्टेंबर २०१५ रोजी तुर्कस्तानच्या किनाऱ्यावर पालथा पडलेल्या आलान कुर्दी या चिमुकल्या सीरियन मुलाचा फोटो जगभर पोचला, तेव्हा सीरियातलं युद्ध चार वर्षांहून जुनं होतं आणि बळींचे आकडे रोज छापून येत होते. स्वीडिश रेड क्रॉसच्या निर्वासित निधीला त्यानंतरच्या आठवड्यात रोज येणाऱ्या देणग्यांची संख्या आधीच्या आठवड्याच्या १०० पटींहून जास्त झाली. काही आठवड्यांत तो ओघ ओसरला. संस्थेसाठी काम करत असाल तर यातून व्यवहाराची गोष्ट घ्या: फोटो दार उघडतो, पण थोड्याच दिवसांसाठी. त्या दिवसांत लोकांना नियमित मदतीत सामावून घ्यायची व्यवस्था आधीच तयार ठेवा. आणि फोटोतल्या माणसाची किंवा पालकांची संमती घ्या, फोटो कुठे कुठे वापरला जाईल ते सांगून. लँगच्या फोटोतल्या आईला त्या जगप्रसिद्ध चित्रातून एक पैसाही मिळाला नव्हता, आणि तो फोटो काढला नसता तर बरं झालं असतं असं तिने १९७८ मध्ये बोलून दाखवलं.

पायरी ८ : जाहिरात असेल तर आणखी तीन प्रश्न

पहिला: वस्तू खरी आहे का? कॅम्पबेल सूपच्या जाहिरातीसाठी वाटीच्या तळाशी काचेच्या गोट्या घातल्या होत्या, म्हणजे भाज्यांचे तुकडे वर येऊन सूप दाट दिसावं. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने १९७० मध्ये कंपनीला ते थांबवायला लावलं. थंड पेयाच्या बाटलीवरचे टपोरे थेंब अनेकदा ग्लिसरीनचे असतात, कारण पाण्याचे थेंब दिव्यांखाली टिकत नाहीत.

दुसरा: माणूस खरा आहे का, म्हणजे दिसतो तसा? ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने २०११ मध्ये लॉरिआल समूहाच्या दोन सौंदर्यप्रसाधनांच्या जाहिराती रोखल्या, कारण चेहऱ्याची तुकतुकी उत्पादनामुळे आली की संगणकावरच्या रिटचिंगमुळे, हे कंपनीला सिद्ध करता आलं नाही. फ्रान्समध्ये ऑक्टोबर २०१७ पासून मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलेल्या व्यावसायिक फोटोवर तसं लिहावं लागतं. नॉर्वेने जुलै २०२२ पासून असाच नियम केला, आणि पैसे घेऊन समाजमाध्यमांवर पोस्ट टाकणाऱ्यांनाही तो लागू आहे.

तिसरा प्रश्न सोपा आहे: हा फोटो काढून टाकला तर जाहिरातीतला दावा उरतो का? फोटोत आनंदी कुटुंब आहे आणि मजकुरात विम्याचा हप्ता. कुटुंबाच्या आनंदाची हमी कुणीच दिलेली नसते.

पायरी ९ : पुढे पाठवण्याआधी

फोटोने तुम्हाला जितकं जास्त हलवलं, तितकी ही पायरी गरजेची. गूगल लेन्स किंवा टिनआय या फोटोवरून शोध घेणाऱ्या साधनांवर फोटो टाकून तो सगळ्यात आधी कधी, कुठे आला ते पाहा. आजच्या पुराचा म्हणून फिरणारा फोटो कैक वर्षं जुना निघणं ही नेहमीची गोष्ट आहे. बातमीखाली ‘संग्रहित छायाचित्र’ किंवा ‘प्रातिनिधिक छायाचित्र’ असं बारीक अक्षरांत लिहिलंय का बघा. लिहिलं असेल तर समोर दिसतंय ते या घटनेचं नाही.

मग फोटो शंभर टक्के मोठा करून धूर, पाणी, गर्दी, केस, बाह्या आणि कुंपणं बघा. छेडछाड तिथे सापडते. २००६ मध्ये रॉयटर्सच्या बैरुतच्या एका फोटोत धुराचे लोट सारख्याच आकाराचे पुन्हा पुन्हा आलेले वाचकांना दिसले. तो क्लोनिंगचा, म्हणजे फोटोचाच एक तुकडा उचलून दुसरीकडे चिकटवण्याचा प्रकार होता, आणि संस्थेने त्या छायाचित्रकाराचे सगळे ९२० फोटो विक्रीतून काढून टाकले. मार्च २०२४ मध्ये ब्रिटिश राजघराण्याने दिलेल्या केट मिडलटन आणि मुलांच्या फोटोत मुलीच्या बाहीची कड जुळत नव्हती. असोसिएटेड प्रेस, रॉयटर्स, एएफपी या वृत्तसंस्थांनी फोटो मागे घेतला, म्हणजे डेस्कच्या भाषेत ‘किल’ केला. २२ मे २०२३ रोजी पेंटागॉन या अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या मुख्यालयाजवळ स्फोट झाल्याचं कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवलेलं चित्र पसरलं आणि अमेरिकेचा शेअर बाजार काही मिनिटांसाठी घसरला. चित्रात कुंपणाचे गज एकमेकांत विरघळलेले होते, पण घसरण झाली तेव्हा कुणी गज बघत नव्हतं.

बनावट चित्रांची सफाई रोज वाढते आहे, त्यामुळे निव्वळ डोळ्यांवर विसंबू नका. मोठी घटना असेल तर ती एकाच कोनातून दिसत नाही. दुसऱ्या छायाचित्रकाराचा, दुसऱ्या संस्थेचा, दुसऱ्या बाजूने काढलेला फोटो शोधा. बराच वेळ झाला तरी तो कुठेच आला नसेल, तर थांबा.

सराव कसा करायचा

एखाद्या मोठ्या घटनेच्या दुसऱ्या दिवशी चार-पाच वृत्तपत्रांची पहिली पानं समोर घ्या. ई-पेपर चालतील. घटना एकच असते, फोटो वेगळे असतात, किंवा तोच फोटो वेगवेगळ्या ठिकाणी कापलेला असतो. एका वहीत पाच रकाने आखा: पहिला शब्द, नजरेचा रस्ता, कापलेलं काय, फोटोओळीने काय बदललं, फोटो कुठे नेऊन सोडतो. रोज एकच घटना घ्या, पण पाचही रकाने भरा. जाहिरातींसाठी दुसरी वही करा आणि तिच्यात एक रकाना वाढवा: पैसे कुणी दिले. सुरुवातीला ‘कापलेलं काय’ हा रकाना रिकामा राहील. तसं झालं तर त्याच घटनेचे वृत्तसंस्थांच्या संकेतस्थळांवरचे बाकीचे फोटो उघडा. बऱ्याचदा अख्खी फ्रेम तिथे सापडते.